इन्सुलिन बंद करायला सांगणारा मेळावा

मित्रमैत्रिणींनो, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

माझ्या लेकीला, सईला, टाइप वन डायबिटीस आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून रोज इंजेक्शनं घ्यावीच लागतात. आज दुपारी तुळिंजच्या एका हॉलमध्ये अशा मुलांच्या पालकांचा मेळावा होता. आपल्यासारखं कोणी भेटेल या आशेने गेले.

स्टेजवरच्या माणसाने एक डबा उंचावला. "ही पावडर सुरू करा, इन्सुलिन आजपासून बंद! लेकरांना टोचून टोचून कशाला छळता?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला किळस आली.

शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "ताई, खरंच बंद केलं तर चालेल?" तिच्या मुलीला नुकताच डायबिटीस निघाला होता.

मी उभी राहिले. "इन्सुलिन बंद केलं तर मुलं मरतील. काय सांगताय तुम्ही?"

तो हसला. "मॅडम, निगेटिव्ह बोलू नका." त्याच्या दोन माणसांनी मला दाराबाहेर काढलं.

शेजारची ती बाई मागोमाग बाहेर आली. म्हणाली, "तुमची मुलगी रोज इंजेक्शन घेऊनही शाळेच्या सहलीला जाते का हो?"

"जाते की! गॅदरिंगमध्ये नाचतेसुद्धा."

ती पायरीवर बसून रडायलाच लागली.

रविवारी ती लेकीला घेऊन आमच्या आचोळ्याच्या घरी येतेय. पण आत बसून राहिलेल्या बाकीच्या आयांचं काय? त्यांच्यापैकी कोणाला ओळखत असाल तर प्लीज आजच फोन कराल?