थोरली कामावर नसते

चादर अर्धी पिळून झाली होती आणि थोरल्या सुनेच्या हातून ती सटकून मोरीत पडली. तिने उचलली, तर पुन्हा सटकली. उजव्या हाताची तीन बोटं जणू परक्याची झाली होती.

"वहिनी, चादरीशी कुस्ती खेळताय का?" म्हणत नणंद हसली आणि हात बघून तिने चादर स्वतःकडे घेतली. दवाखान्यात तिनेच नेलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काम कुठे करता?"

"मी कुठे करते? घरीच असते."

थोरलीच्या मते ते खरंच होतं. कामावर जायचे ते यजमान. डबा त्यांचा, दमणं त्यांचं, सुट्टीची झोपही त्यांचीच. ती दुपारची आवराआवर उरकून खिडकीत बसायची आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या शर्टांची काजं-बटणं करायची. घरात त्याला "तिचं ते शर्टांचं" म्हणत. लग्न झाल्यापासून एक दुपार त्यातून सुटली नव्हती. मुलांची दप्तरं, सासूबाईंचा चष्मा, सगळं त्यातूनच आलेलं. पण त्याला काम म्हणावं असं कुणाला वाटलं नाही, तिला तर नाहीच.

बाईंनी मलम आणि शक्तीच्या गोळ्या दिल्या. थोरली मलम चोळायची आणि पुन्हा सुई धरायची.

थंडी सरली तरी बोटांत जीव येईना, म्हणून पुन्हा जाणं झालं. या खेपेला बाईंना बोटांच्या टोकांवरचे बारीक व्रण दिसले.

"हे कशाचं?"

"सुई टोचते. शर्टांची बटणं लावते ना."

"अहो, मग मागे काम करत नाही म्हणालात!"

"कामावर जात नाही, म्हणून..." थोरली गोंधळली. "घरातल्या घरात बसून केलेलं, ते कसलं हो काम?"

बाईंनी तिचा हात हळूच खाली ठेवला. "शीर दबून गेलीय. तेव्हाच सुई सोडली असती तर हात सुधारला असता. आता आहे तेवढा राहिला तरी पुष्कळ."

संध्याकाळी यजमान म्हणाले, "नशीब, तू कुठे कामाला नाहीस. नाहीतर केवढी पंचाईत झाली असती!"

त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं, बिचारे धीरच देत होते. थोरलीने पाठ वळवून डोळे पुसले. देवापुढे हात जोडले, तेव्हा उजवी बोटं डाव्यांना भिडली की नाही, हे तिला बघून ठरवावं लागलं.

सासूबाईंनी तेवढं विचारलं, "मग आता दुपारी काय करशील गं?"

थोरलीने खिडकीतले शर्ट एकावर एक रचले.

सकाळी शिंप्याकडे जाऊन उरलेले शर्ट परत द्यायचे होते.