नाव खोडलेली भांडी

मागच्या उन्हाळ्यात मी माजघरात पडले. अंधार नव्हता, चक्करही नव्हती. भिंतीशी जागा उरली नव्हती म्हणून पाण्याचा पितळी गुंड वाटेत ठेवला होता, त्याला पाय अडकला आणि मनगट मोडलं. मुलगा बुलढाण्याला कचेरीत कारकून आहे. तो येऊन घेऊन गेला. प्लास्टर निघेपर्यंत दोन महिने मी त्याच्याकडे दुसऱ्या मजल्यावर काढले. सून चांगली आहे, जेवण वेळेवर देते. पण दिवसभर दार लावून बसायचं मला जमलं नाही.

दुसरबीडला माझ्या घरी परत आणून सोडताना मुलाने अट घातली. घर असंच भरलेलं दिसलं तर दिवाळीला कुलूप लावायचं आणि मी कायमचं बुलढाण्याला जायचं. "पुन्हा पडलीस तं कोण उचलीन तुले?" तो म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत घर मोकळं करते.

या घरात एकेकाळी चौदा माणसं जेवत. पुढे दीर वेगळे झाले, सासू-सासरे गेले, मग मालकही गेले. माणसं कमी झाली, सामान होतं तेवढंच राहिलं. गाद्या आणि मोडक्या खाटा चार दिवसांत निघाल्या. जुन्या लुगड्यांचं गाठोडं गोधड्या शिवणाऱ्या बाईला दिलं. राहिली भांडी. चाळीस ताटं, त्याच्या दुप्पट वाट्या, भाजी-वरणाचे गंज, पराती, पितळेचे डबे. मोडीत घालावीत अशी ती नव्हती, म्हणून गल्लीतल्या बायांना बोलावलं आणि सांगितलं, लागेल ते न्या, परत आणू नका. दोन दिवसांत माजघराची फरशी दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी भांडी परत यायला लागली.

घासून पुसून आणि भरून. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. एकीने परातीत तुरीची डाळ आणली, दुसरीने डब्यात तिखट, कुणी गंजात ज्वारी. संध्याकाळपर्यंत अकरा घरांतून भांडी आली. कारण एकच. प्रत्येक भांड्यावर मालकांचं नाव होतं. फार पूर्वी एका लग्नाला आम्ही ताटं दिली होती, त्यातली नऊ परत आलीच नाहीत. तेव्हापासून मालकांनी चमच्यापर्यंत सगळ्यांवर नाव घालून घेतलं होतं. आणि आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या नावाचं भांडं म्हणजे मागून आणलेलं भांडं, ते कुणी आपल्या मांडणीवर ठेवत नाही. शेजारची सून दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्ही देल्लं हे मले माहीत आहे. पण आमच्या आत्याबाई म्हणतात, उद्या लोक म्हणतीन ढापलं."

मला स्वतःचाच राग आला. जन्म या गल्लीत काढला आणि एवढी गोष्ट ध्यानात आली नाही. आता भांडी होती तेवढीच, वर डाळ-ज्वारीही ठेवायची होती.

जवळच्या बीबी गावच्या बाजारात भांड्यांवर नाव घालणारा बसतो. बाजाराच्या दिवशी जाऊन मी त्याला गाठलं आणि घरी बोलावलं. तो मशीन घेऊन आला. काम ऐकलं आणि हात आखडून बसला. "आजी, गेलेल्या माणसाचं नाव खोडू? पाप लागते."

"पाप मले लागू दे. तू मशीन चालव."

मग त्याने चालवलं. जुन्या नावावर आडव्या रेघा आणि खाली जिचं भांडं तिचं नाव. पुन्हा बोलावलेल्या बाया सवयीने नवऱ्याचं नाव सांगायच्या. मी म्हटलं, भांडं तुला दिलंय, तुझं नाव सांग. बहुतेकींनी सांगितलं. एक इतकं हळू बोलली की त्याला तीनदा विचारावं लागलं. दोघींनी मात्र नवऱ्याचंच घालून घेतलं. मी वाद घातला नाही. भांडी एकदाची गेली.

ही बातमी मी कळवण्याआधीच बुलढाण्याला पोचली. मुलगा दिवाळीची वाट न पाहता रविवारीच आला, चपला न काढता आत.

"बाबाचं नाव खोडलं तू?"

"हाव, खोडलं. तुह्या बापाचं नाव तुह्या नावापुढं आहे, तेवढं पुरे. नावासकट भांडे कोणी ठेवून घेत नव्हतं. एक तं घरात भांडे राहतीन, नाही तं मी राहीन."

तो दारातून परसापर्यंत चालत गेला, कुठेही न वळता, आणि तसाच परत आला. मांडणीवर दोन ताटं, चार वाट्या, दोन गंज आणि एक तवा होता. त्याने ताटं मोजली.

"आम्ही चौघं आलो तं?"

"शेजारून मागून आणीन," मी म्हटलं.

तेव्हा तो हसला आणि चपला काढल्या. जेवण झाल्यावर त्याने माझी खाट आतल्या खोलीतून माजघरात आणून भिंतीशी लावली, दिव्याचं बटण झोपल्या जागेवरून हाताला येतं का ते मला झोपवून पाहिलं. कुलपाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. जाताना म्हणाला, रोज सकाळी फोन करत जा. तेवढं मी कबूल केलं.