पाणी पिऊन या

माझ्या हातातल्या बांगड्या उतरवून घेतल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला अजून बघितलंही नव्हतं.

नर्सनं त्या रुमालात बांधल्या आणि पुरचुंडी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. मला एक हिरवा अंगरखा दिला, पाठीमागून उघडा. मी म्हटलं, "तपासायचंय फक्त." ती म्हणाली, "इथं सगळ्यांना हेच घालतात." माझ्या आधी आलेली एक बाई तसाच अंगरखा घालून बाकावर बसली होती. भिंतीकडे बघत.

अकोल्यातलं खाजगी हॉस्पिटल. नाव सांगत नाही. तशी आणखी असतील.

मी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते. काय आलं, काय संपलं, उद्या काय लागेल, सगळं लिहून ठेवते. तुरीच्या डाळीचं पोतं वरून बघून घेत नाही, तळातून मूठ काढून बघते. व्यापारी कंटाळतात. कंटाळू देत. असली संशयी बाई त्या दिवशी कशी फसायला निघाली होती, ते सांगते.

बरेच महिने पाळी थांबत नव्हती. भाजी फोडणीला टाकताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पातळाला डाग लागेल म्हणून मी खुर्चीवर बसणं सोडलं. सांगितलं फक्त नणंदेला, ताईंना. त्या मोठ्या, आमच्याच वस्तीत राहतात. त्यांची गर्भपिशवी तिशीतच काढलेली.

आमच्या वस्तीत ही रीतच आहे. कापसाची वेचणी संपली की बायकांचे हात मोकळे होतात. मग उन्हाळ्यात पापड-कुरडया कराव्यात, तसं पिशवीचं उरकून घ्यायचं. ताई गाडी ठरवतात, बायकांना घेऊन जातात. आपलं माणूस सोबत आहे म्हणून बायका जातात. मीही गेले.

आदल्या संध्याकाळी ताई म्हणाल्या, "वहिनी, सकाळी काही खाऊ नका. पानी पन पिऊ नका. फोटो साफ येते."

मी ऐकलं. तळातून मूठ काढली नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत एक तरुण मुलगी होती. पोटावर गार जेल लावून तिनं विचारलं, "लघवीला लागलीय का?"

"नाही."

"पाणी पिऊन नाही आलात? ह्या तपासणीला मूत्राशय भरलेलं लागतं. नाहीतर नीट दिसत नाही."

"पाणी पिऊ नका म्हणूनच सांगितलं होतं."

तिचा हात थांबला. तिनं दारातल्या नर्सकडे बघितलं. नर्स म्हणाली, "तू काढ. दिसेल तेवढं दिसेल."

दिसेल तेवढं दिसेल. ते वाक्य माझ्या पोटावरच्या जेलपेक्षा गार होतं. बांगड्या आठवल्या. पाठीमागून उघडा अंगरखा आठवला. ज्या तपासणीला पाणी पिऊन यायचं, तिला मला कोरडं आणलं होतं. कोरडं पोट ऑपरेशनला लागतं. म्हणजे फोटो निघायच्या आधीच माझं ठरलेलं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते, दुसरीवर माझा नवरा. मी उभी.

डॉक्टर त्याला म्हणाले, "गाठी आहेत. पिशवी काढून टाकू. मुलं मोठी झाली, आता काय करायचंय तिचं? उद्या कॅन्सर झाला तर माझ्याकडे येऊ नका. आज उपाशीपोटी आहेतच, आजच घेतो." आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

मी विचारलं, "गाठ केवढी आहे? आधी गोळ्या देऊन बघता येईल का? पिशवीसोबत अंडाशयही काढणार का?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "काय करता तुम्ही?"

"वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघते."

"मग भाजी तुम्ही चिरा. हे चिरणं आमच्यावर सोडा."

नर्स हसली. मग ते नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्या बायका इतकं विचारत नाहीत हो. यांना समजावा."

नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. इंजिन उघडल्याशिवाय बिघाड सांगत नाही. पण डॉक्टरसमोर त्यानं पेन उचललं होतं.

मी बाहेर आले. व्हरांड्यात पाण्याचा कूलर होता, साखळीनं बांधलेला पेला. मी पेला भरला. प्यायले. पुन्हा भरला. पुन्हा प्यायले. सगळ्यांच्या देखत, त्या हिरव्या अंगरख्यात.

ताई धावत आल्या. "अवो वहिनी, पानी काहून पेल्या तुमी? आता आज होत नाही ना ते."

"माहीत आहे," मी म्हटलं. मागोमाग आलेल्या नवऱ्याच्या हातातून पुरचुंडी घेतली आणि तिथंच बांगड्या चढवल्या.

अकोल्यात कोण कोणाचं, सांगता येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात एसटीनं अमरावतीला गेले, सरकारी दवाखान्यात. मोठी रांग. तिथल्या डॉक्टरबाईंचा पहिलाच प्रश्न, "पाणी पिऊन आलात का?" मी रिकामी बाटली दाखवली.

विश्वास त्यांच्यावरही लगेच ठेवला नाही. तेच तीन प्रश्न विचारले. त्यांनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला. गाठ लहान होती. रक्त फार कमी झालं होतं. पिशवीच्या आतला तुकडा तपासायला पाठवला, निकाल चांगला आला. गोळ्या चालू झाल्या. गोळ्यांनी भागलं नाही तर पुढे काय काय करता येतं, तेही सांगितलं. ऑपरेशन त्यात सगळ्यात शेवटी होतं.

उद्या कदाचित पिशवी काढावी लागेलही. तेव्हा सही माझी असेल.

एकदा ताईंना विचारलं, "तुमच्या गाठीचा फोटो आहे का?"

"कायचा फोटो? सही केली अन् नेलं आत. तुमच्या नवऱ्यानंच केली होती सही, आमचे हे गावाले गेले होते तवा."

नवरा तिथंच बसला होता. तो उठून बाहेर गेला. ताई गुडघे चोळत राहिल्या. तिशीतच हाडं दुखायला लागली, अंगातून वाफा यायला लागल्या, ते पिशवी काढल्यामुळेच का, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. बायका नेल्याचं त्यांना काही मिळतं का? मी विचारलं नाही. माझा संशय गेलेला नाही.

यंदाही वेचणी संपली. परवा सकाळी गाडी गल्लीत उभी राहिली. शेजारची सुजाता निघाली होती. लेकरू अजून शाळेतही जात नाही. म्हणाली, "काकू, ताईसंग दवाखान्यात जाऊन राहिली. नुसतं दाखवाले."

"काही खाल्लं का?"

"नाही. पानी पन नाही पेली. ताई म्हणे, फोटो साफ येते."

मी तिला आत घेतलं, पाटावर बसवलं. भाकरी, पिठलं, तांब्याभर पाणी पुढे ठेवलं.

ताई दारात आल्या. "वहिनी, काहून माह्या मागं लागल्या तुमी?"

"दाखवायलाच चालली ना ती? मग जेवून जाईल. आणि सोबत मी येते. तिसरी खुर्चीही मागते."

खरी तातडी असेल त्या दिवशी बाईला मी स्वतः उचलून नेईन. पण नुसतं दाखवायला निघालेली एकही बाई आता ह्या गल्लीतून कोरडी जाणार नाही.

ताई दारातच उभ्या होत्या. मी सुजाताला दुसरी भाकरी वाढली.