बाबांचा गुरुवार

माझ्या बाबांनी चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला. लेकरासारखा सांभाळला असं लोक म्हणतात. मी त्यांचं लेकरू आहे म्हणून सांगते, लेकरापेक्षा जास्त. मला गोवर आला तेव्हा हा माणूस पाळीवर होता, आणि व्हॉल्व्ह गळायला लागला तेव्हा मात्र हक्काची सुट्टी सोडून धावत गेला. हे मी त्यांना आयुष्यभर ऐकवत आलेय. त्यांचं उत्तर ठरलेलं. "गोवर आपोआप बरा होतो, घाई. व्हॉल्व्ह होत नाही." घाई हे काही माझं नाव नाही, पण मी जन्मालाच तीन आठवडे आधी आले, तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एकटे राहतात. मी बसने चार तासांवर. गेल्या थंडीत ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि अकरा दिवस मला पत्ता लागू दिला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला म्हणून कळलं. मी गेले आणि त्यांना फैलावर घेतलं. "एक तर माझ्याकडे चला, नाहीतर..." आणि त्या 'नाहीतर'च्या पुढे मला काही सुचेना.

ते सुचलं दुकानात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. आमच्या मालकांनी एकदा आम्हा सगळ्यांसाठी समुपदेशक बाई बोलावल्या. त्यांनी फळ्यावर 'सकारात्मक मानसशास्त्र' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सांगितलं, आपलं मन खुपणाऱ्या गोष्टीच धरून बसतं, म्हणून रोज संध्याकाळी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, हळूहळू नजरेला त्या दिसायची सवय होते. बाई काही वाईट बोलल्या नाहीत. पण पुढे म्हणाल्या, यासाठी एक ॲप आहे, तीन ओळी लिहायच्या, दिवसाला दहापैकी गुण द्यायचे, पावलं फोन मोजतो, आणि घरच्यांना हे सगळं त्यांच्या फोनवर बघता येतं. मला बाईंचं बाकी सगळं विसरायला झालं, हे शेवटचं तेवढं मी घट्ट धरून बसले.

बाबांना फोन दाखवला, ॲप दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे रोजची परीक्षा."

"परीक्षा कसली? मन बरं राहतं याने. रोज भरायचं, रात्री आठला मला दिसतं. पाचच्या वर असलं की तुम्ही इथंच राहा, मी एक शब्द काढणार नाही."

"आणि खाली गेलं तर?"

"आठवडाभर खाली राहिलं तर खोल्या सोडायच्या आणि माझ्याकडे यायचं."

बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, "म्हणजे काटा पाचच्या वर ठेवायचा. ठीक." तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण कळलं नाही. मी खुशीत घरी आले.

त्यानंतर पाच महिने सात आणि आठ, सात आणि आठ. 'भाजी ताजी मिळाली.' 'गुडघा कमी दुखला.' 'घाईचा फोन आला.' बाबांचं मन म्हणे बरं राहत होतं, माझं मात्र पार कामातून गेलं. संध्याकाळी सात वाजले की माझा हात फोनकडे जायला लागायचा. आठ वाजून दोन मिनिटं झाली आणि काही आलं नाही की डोळ्यांपुढे न्हाणीघर. आठ गुण आले की वाटायचं, काल सात होते, आज आठ, मध्ये काय झालं? पावलं कमी दिसली की पाय दुखतोय, जास्त दिसली की एवढे कुठे वणवण करतात. एकदा कामाच्या वेळी त्यांचा आलेख बघता बघता मी एका आजोबांची उजवी काच डावीकडे बसवली. नवरा म्हणाला, "मन शांत राहावं म्हणून घेतलंस ना ते? मग शांत कोण झालंय?" त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मी त्याच्यावर खेकसले.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडायची, दर गुरुवारची नोंद. बाबांचा एकच मित्र. त्याच कारखान्यात फिटर होते. काम करताना सतत शिट्टी वाजवायचे म्हणून सगळे त्यांना शिट्टीच म्हणत, मी शिट्टीकाका म्हणायची. राहायला पलीकडच्या इमारतीत. दर गुरुवारी बाबा त्यांच्या गॅलरीत बुद्धिबळ खेळायला जायचे. ती नोंद वाचली की शुक्रवारपर्यंत माझा जीव थोडा तरी खाली बसायचा.

त्या बुधवारी आठला काही विशेष नव्हतं, नेहमीचे सात गुण. पण पावलं अकरा हजार. ॲपने वर रंगीत कागदाचे तुकडे उधळले होते आणि लिहिलं होतं, 'नवा विक्रम!' मी टाळ्या वाजवणारे हात पाठवले, एकदा नाही, तीनदा. खाली लिहिलं, 'असंच चालत राहा, बाबा.' उत्तर आलं नाही. चित्रांना ते कधीच उत्तर देत नाहीत.

गुरुवारी आठला नोंद आली. 'एक, शिट्टीकडे गेलो. तो हरला. दोन, त्याच्या हातचा चहा प्यायलो. तीन, खूप हसलो. गुण आठ.' मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ताटं मांडायला घेतली. तेवढ्यात काकूंचा फोन.

"तू येणार आहेस ना गं?" काकू म्हणाल्या. "कालपासून पोटात अन्नाचा कण नाही त्यांच्या. दार लावून बसलेत."

"का? काय झालं?"

"अगं, असं काय करतेस? त्यांचे ते मित्र गेले ना. काल पहाटे, दवाखान्यात. दुपारी सगळे पोचवून आले. तुला बोलले नाहीत?"

आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, माझे बाबा त्याच माणसाच्या हातचा चहा पिऊन खूप हसले होते.

नवरा म्हणाला, "वय झालंय. विसरायला लागले असतील." ते मला आधीच वाटून गेलं होतं, पण त्याने म्हटल्यावर ते खरंच झालं. गेलेल्या माणसाकडे चहा प्यायला जाणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर गॅसच्या शेगडीबरोबर एकटं कसं ठेवायचं? मी डॉक्टरांची वेळ घेतली. मालकांना फोन करून सुट्टी काढली. आठवडाभर वाट बघायचा प्रश्नच नव्हता, बाबांना आणायचं ठरलं. सकाळच्या बसमध्ये मी चार तास जुन्या नोंदी वर-खाली करत होते आणि बाबा कुठल्या दिवसापासून हरवायला लागले ते शोधत होते. शेजारची बाई कंटाळून दुसऱ्या जागेवर जाऊन बसली.

बाबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं चुकीची लावलेली. "आलीस?" एवढंच म्हणाले.

मी चप्पलही काढली नव्हती. सरळ विचारलं, "शिट्टीकाका कसे आहेत?" असा सापळा आपल्याच बापाला लावायची मला आजही लाज वाटते.

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "शिट्टी गेला, घाई. बुधवारी पहाटे. तुला ते माहीत आहे, म्हणून तर धावत आलीस."

डोकं ठणठणीत होतं. मला हुश्श व्हायला हवं होतं, त्याऐवजी संताप आला. मी टेबलावरचा त्यांचा फोन उचलला आणि ॲप उघडलं. आज शुक्रवार, दुपारचे दोन. आजची नोंद भरलेली. शनिवारची भरलेली. रविवारचीसुद्धा.

"बाबा, उद्या तुम्हाला झोप छान लागणार आहे, हे आज कसं कळलं?"

ते खाली बसले. चोरी पकडली गेल्यासारखे नाही, दमलेल्या माणसासारखे.

"दर सोमवारी आठवडा भरून टाकतो. बॉयलरवर आम्ही सगळे तसंच करायचो. तासातासाला प्रेशर लिहायचं, पाणी लिहायचं, असं साहेबांचं म्हणणं. काटा तर जागचा हलत नाही. मग पाळी सुरू झाली की अख्खं पान एकदम भरून ठेवायचं आणि वही मिटायची. सारखं लिहीत बसलं तर बॉयलरकडे बघायचं कधी? त्याचा आवाज ऐकायचा कधी? काटा हलला तरच खाडाखोड. तुला पान हवं होतं, मी पान भरलं."

"मग बॉयलरकडे कोण बघत होतं, बाबा?"

"शिट्टी. दार उघडल्या उघडल्या विचारायचा, गोळी घेतलीस का, खोटं बोलू नकोस. पायाचं बोट सुजलं तर मोजा काढून बघायचा. गुरुवार खरेच असायचे, घाई. कालचा हाच एक तेवढा..."

"आणि अकरा हजार पावलं?"

"दवाखान्याच्या व्हरांड्यात. बसवेना. मग त्याच्यामागून चालत गेलो, ती."

"मी टाळ्या पाठवल्या."

"पाहिल्या."

एवढा एकच शब्द बोलले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला एका जागी उभं राहवेना. मी माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि भरायला लागले. सदरे, स्वेटर, गोळ्यांचा डबा, आईचा फोटो. तोंडाने चालूच होतं, फसवलंत मला, पाच महिने फसवलंत, आता एक दिवस ठेवणार नाही. बाबा खुर्चीत बसून बघत होते. नाही म्हणाले नाहीत. वाद घातला नाही. काकूंनी ताट आणून दिलं, त्यातले दोन घास खाल्ले आणि पुन्हा त्या खुर्चीत. घराकडे असे बघत होते की मला पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालाव्या लागल्या.

आठ वाजले आणि माझा फोन वाजला. सवयीने मी उघडला. 'एक, ऊन छान पडलं. दोन, तब्येत उत्तम. तीन, दिवस मजेत गेला. गुण आठ.'

"काय आलं?" बाबांनी विचारलं. मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं आणि त्यांचा बांध फुटला. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, आवाज करून, तोंड झाकायचंही भान न राहता.

"खोड ते," ते म्हणाले. "शिट्टी जाऊन दोन दिवस झाले आणि आठ? खोड. दोन लिही."

"बाबा, दोन म्हणजे पाचच्या खाली."

"मला माहीत आहे दोन म्हणजे काय. तू बॅग भर. पण दोन लिही."

मी आठ खोडून दोन लिहिलं. तीन चांगल्या गोष्टी पुसल्या. ॲप विचारत राहिलं, आज काय चांगलं झालं? मी ओळी रिकाम्या सोडल्या. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की जिवाभावाचा मित्र गेल्यावर माणूस दोनवरच असतो. आठवर असता तर डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. मी पाच महिने एका माणसाला सांगत होते, दुःखी झालास तर तुझं घर काढून घेईन, आणि त्याला काळजी म्हणत होते.

मी बॅगेतले सदरे परत कपाटात लावले. मग म्हटलं, "पाचची अट मोडली. कितीही लिहा, इथंच राहायचं. पण त्या दिवशीचं त्या दिवशी लिहायचं." डॉक्टरांची वेळ रद्द केली आणि रविवारपर्यंत राहिले. काकूंना सांगितलं, रोज एकदा दार वाजवा.

सोमवारी दुकानात दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. घरी आठ वाजले, काही आलं नाही. आठ वीस झाले. नवऱ्याने ताटं मांडली. साडेआठला फोन वाजला.

'एक, जेवलो.' बाकीच्या दोन ओळी रिकाम्या. 'गुण तीन.'

"किती?" नवऱ्याने विचारलं.

"तीन," मी म्हटलं. काकूंना फोन लावावासा वाटला, पण मी फोन उलटा ठेवला आणि जेवायला बसले.