काळ्या रंगाचा एक हात

क्लेम प्रॉसरच्या गॅरेजात सगळे पाने भिंतीवर टांगलेले असतात आणि प्रत्येक पान्यामागे त्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली आहे. पाना जागेवर नसला की भिंतच चुगली करते. किंग्टनसारख्या गावात, जिथे निम्म्या गाड्यांच्या मागच्या सीटवर मेंढ्यांचं खाद्य पडलेलं असतं, तिथे एवढी टापटीप म्हणजे चेष्टेचाच विषय. "क्लेमकडे जायचंय ना? मग आधी बूट पुसून घे," असं पबात एकमेकांना सांगतात. क्लेमला त्याचं काही वाटत नाही. वय एकोणसत्तर, लग्न केलेलं नाही, चहात साखर दोन चमचे, आणि कुठल्या नटाचं डोकं गंजलेलं दिसलं तर त्याला जेवण गोड लागत नाही.

त्याचा बाप आयव्हर याच गॅरेजात होता आणि तो मात्र अगदी गबाळा. अंगावर तेल, कानामागे विडी, हत्यारं सगळी बादलीत. पण त्यानं दुरुस्त केलेली गाडी त्याच कारणासाठी परत आली असं कधी घडलं नाही. क्लेमच्या हातूनही घडलं नव्हतं. या फेब्रुवारीपर्यंत.

गाडी मॅडॉक्सबाईंची. हिरवी, दोन माणसांची, कापडी छप्पर मागे घडी होणारी. बाई अठ्ठावीस वर्षांच्या असताना त्यांनी ती स्वतःच्या पगारातून घेतली. खोऱ्यातल्या सुईण होत्या त्या. शेजारच्या सीटवर औषधांची बॅग आणि वर उघडं आभाळ अशा थाटात त्या बाळंतपणं करत हिंडल्या. आजही गावात पन्नाशीला टेकलेले बाप्ये त्या गाडीकडे बोट दाखवून "मी हिच्यामुळे वेळेवर जन्मलो" असं सांगतात. बाई आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. नवरा केव्हाच गेला, मुलगा ॲलिस्टर लीड्सला असतो. गाडी तेवढी दारात असते.

फेब्रुवारीपासून ती गाडी नखरे करायला लागली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं टक्. पुन्हा टक्. पाचव्या-सहाव्या वेळी कधी सुरू व्हायची, कधी नाहीच. तीन वेळा गाडी क्लेमकडे आली आणि तिन्ही वेळा बाईंनी सुरुवात एकाच वाक्यानं केली.

"माफ कर हं, क्लेम. माझंच काहीतरी चुकत असणार."

या मुलखातली माणसं अशीच. त्यांच्या पायावर कुणी पाय दिला तर आधी हेच माफी मागतील. आणि क्लेम त्यांच्याहून वरचढ. पन्नास वर्षांच्या गिऱ्हाइकाला, तेही एका बाईमाणसाला, "तुम्ही गाडी सुरू करता तरी कशी, दाखवा बरं" असं विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटे. म्हणून त्यांनी नीट सांगितलं नाही आणि त्यानं नीट विचारलं नाही. त्यानं बॅटरीची टोकं घासली, स्टार्टर उतरवून साफ केला, किल्लीचा स्विच बदलला. प्रत्येक वेळी रात्रभर बॅटरीला चार्जर लावला, कारण मुक्कामाला आलेल्या गाडीला चार्जर लावायचाच ही त्याची शिस्त. सकाळी किल्ली फिरवावी तर गाडी लगेच सुरू. तीस वेळा फिरवली, तीसही वेळा सुरू. आणि बाईंच्या दारात गेली की पुन्हा टक्.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी पोस्टासमोर बाई भेटल्या. हातात औषधांच्या दुकानाची कागदी पिशवी होती.

"ॲलिस्टर शनिवारी ट्रेलर घेऊन येतोय," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक शोधलंय त्यानं. मी हो म्हटलं. किती दिवस तुला त्रास देऊ?"

"मला कसला त्रास?"

"अरे, एकटी गाडीच थकली असती तर गोष्ट वेगळी. मीही आता थकले. ॲलिस्टर म्हणतो ते काही खोटं नाही."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की क्लेमनं नुसती मान डोलावली. घरी जाताना मात्र त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता तो बाईंच्या दारात हजर झाला. गवतावर दव होतं. बाईंनी चहा पुढे केला, तो त्यानं उभ्या उभ्या प्यायला आणि पन्नास वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"बाई, तुम्ही बसा आणि रोज करता तशी सुरू करा. मी शेजारी बसतो."

"माझी परीक्षा घेतोस काय रे?"

"गाडीची घेतोय. तुमची घ्यायची माझी काय छाती?"

बाई बसल्या. डाव्या हातानं चोकचं, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना लागतं ते, बटण बाहेर ओढलं. जुन्या गाडीचं ते बटण आपलं आपण थांबत नाही, त्याच्यामागच्या पितळी कडीला बोटं अडकवून ओढून धरावं लागतं. उजव्या हातानं त्यांनी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात झटकन सोडला आणि मांडीवर चोळला.

"काय झालं?"

"काही नाही. माफ कर. बोटं."

"बोटांना काय झालं?"

"संधिवात. सकाळी सकाळी चुरचुरतात, भाजल्यासारखी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. म्हणून तर ॲलिस्टर हट्टाला पेटलाय. उद्या भर रस्त्यात स्टिअरिंग सुटलं म्हणजे?"

"कधीपासून चुरचुरतात?"

"झाले की तीन महिने. फेब्रुवारीपासून."

क्लेमनं हात पुढे करून चोकची कडी धरली. ती चांगलीच तापली होती.

तो उतरला, आपल्या व्हॅनमधून जाडजूड वायर काढली आणि तिचं एक टोक इंजिनाला, दुसरं बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला लावलं. "आता फिरवा," म्हणाला. किल्ली फिरायचा अवकाश, गाडी धडधडायला लागली. बाईंनी हरखून टाळी वाजवली. क्लेमला मात्र आता कुठे बघायचं हे कळलं होतं आणि तिथे काय दिसणार याचीही शंका आली होती.

गाडी बंद करवून, पोतं अंथरून तो खाली शिरला. इंजिनाकडून गाडीच्या पत्र्याकडे तांब्याची एक विणलेली पट्टी येते. स्टार्टरची सगळी वीज त्या पट्टीतूनच परत फिरते. पट्टी शाबूत होती, बोल्टही घट्ट होता. पण नाताळात गंज खरवडून गाडीचं पोट त्यानंच काळ्या रंगानं रंगवलं होतं, एक हात झाल्यावर दुसरा, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात. पट्टी बसते ती जागाही त्यानं तितक्याच प्रेमानं रंगवली होती आणि रंग वाळल्यावर पट्टी वरून आवळली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांना कुठेतरी उघडा पत्रा लागायचा म्हणून भरलेल्या बॅटरीवर काम निभायचं, जानेवारीभर निभलंही. एरवी वीज मिळेल त्या वाटेनं परतायची, म्हणजे इंजिनापासून बटणापर्यंत येणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून. तार तापायची आणि तारेच्या टोकाशी बाईंची बोटं असायची.

"पट्टी बसते तिथे पत्रा उघडा ठेव रे," बाप सांगायचा. "दिसू दे घाण दिसलं तर."

क्लेमनं बोल्ट काढला, ती जागा पॉलिश पेपरनं पांढरी होईपर्यंत घासली, ग्रीस लावलं, पट्टी परत बसवली. मग बाहेर येऊन हात पुसत बसला. जरा जास्तच वेळ पुसत बसला.

"सापडलं?" बाईंनी विचारलं.

"सापडलं. तुमची बोटं भाजल्यासारखी होत नव्हती बाई, भाजतच होती. चोक तापत होता. संधिवात असेल-नसेल, पण ते चुरचुरणं त्याचं नाही."

बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझं नव्हतं?"

"नाही."

"मग कशानं झालं?"

गाडी जुनी झाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओठावर आलंही होतं. कुणी शंका घेतली नसती. पण तीन महिने हेच तर सगळे या बाईला तिच्याबद्दल सांगत होते आणि तिनं ते ऐकून घेतलं होतं.

"माझ्यामुळे," क्लेम म्हणाला. "नाताळात मी नको तिथे रंग लावला. तिन्ही वेळा सगळं तपासलं, फक्त स्वतःचं काम तपासलं नाही. तुमची गाडी हातची चालली होती ती माझ्यामुळे. मला फार लाज वाटतेय."

बाई तडक वळल्या. आत गेल्या. क्लेमला वाटलं, संपलं, पन्नास वर्षांचं सगळं संपलं. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात गोळ्यांची बाटली होती. ती त्यांनी त्याच्या तेलकट मुठीत कोंबली.

"घे. गाडीखाली शिरून शिरून यापुढे या तुलाच लागतील."

शनिवारी अकराला ॲलिस्टर ट्रेलर घेऊन आला. क्लेमही होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली.

"आज झाली," ॲलिस्टर म्हणाला. "उद्याचं काय? आणि आई, तुझे हात?"

"वायरीचं काहीतरी होतं रे," बाई क्लेमकडे न बघता म्हणाल्या. "झालं आता नीट."

"वायरीचं नव्हतं," क्लेम म्हणाला. "चूक माझी होती. चोक तापून त्यांचे हात भाजत होते. हवं तर डॉक्टरांना मी स्वतः जाऊन सांगतो."

ॲलिस्टरनं एकदा क्लेमकडे, एकदा ट्रेलरकडे पाहिलं. "मी लीड्सहून हे एवढं धूड ओढत आणलंय, आई."

क्लेमनं खाली मान घातली. आता बाई माफी मागणार, हे त्याला पाठ होतं.

"मग ओढत परत ने," बाई शेजारची सीट थोपटत त्याला म्हणाल्या. "आत्ता मात्र बस इथे. पाय दुमड, आणि पट्टा लाव."