समाप्तीचं साखर-खोबरं

लक्ष वातींचा नेम निम्म्यावर आला होता. अंबिकाबाईंच्या मांडीवर कापूस होता, शेजारी वळलेल्या वातींचं सूप होतं. हात मात्र थांबला होता. समोर त्यांच्या यजमानांनी, गंगाधरपंतांनी, पुस्तक मिटलं होतं.

"झालं. संपलं," पंत म्हणाले.

"संपलं? मग मुलगा आला की नाही?"

"ते लिहिलेलं नाही."

शेजारच्या सोनूबाई खुदकन हसल्या. "उंदरांनी खाल्ली असतील पानं, मास्तर! मडमेच्या कपाटात काय कमी उंदीर?"

पंत हसले नाहीत. पुस्तक फळीवर ठेवून ते पाणी प्यायला आत गेले.

गिरगावातल्या त्या वाडीत मुलींना शिवण शिकवायला एक म्हातारी अमेरिकन मडम येत असे. तिनं ही कादंबरी पंतांना वाचायला दिली होती. लिहिणारी बाई तिच्याच देशातली. हयात आहे, तिकडे तिचं मोठं नाव आहे, असं पंत सांगत. रविवारी दुपारी ते एकेक प्रकरण मराठीत करून ऐकवायचे. गोष्ट साधीच होती. समुद्रकाठी राहणारी विधवा, तिचा मुलगा लढाईवर गेलेला, आणि ती रोज दिवेलागणीला खिडकीत दिवा ठेवणारी. ती विधवा काळे कपडे घालते आणि परपुरुषाला स्वतःच्या हातानं चहा देते, यावरून वाडीतल्या बायकांत बरीच हुज्जत झाली. दिवा मात्र कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

अंबिकाबाईंना तर नाहीच. त्यांचा एकुलता एक हेरंब झांजिबारला एका पेढीवर कारकून म्हणून गेला होता. समुद्र ओलांडला म्हणून वाडीनं नाकं मुरडली, तीही त्यांनी सोसली. शिमग्याच्या आधी त्याचं पत्र आलं, 'बोटीनं निघतो' म्हणून. आता श्रावण लागला होता. बोटीचा दिवस आला की पंत माझगावला गोदीकडे जायचे आणि परत येऊन एवढंच म्हणायचे, "अजून काही कळत नाही."

पोथी अपुरी सोडू नये, सोडली तर घराला बाधते, हे अंबिकाबाई माहेरून शिकून आल्या होत्या. म्हणून आज कादंबरीचं शेवटचं प्रकरण म्हटल्यावर त्यांनी सकाळीच वाटीत साखर-खोबरं काढून ठेवलं होतं. ती वाटी आता देवापुढे झाकलेलीच राहिली.

त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. पोळी करपली. जपमाळ हातात घेतली तर मेरुमणी कधी येऊन गेला ते कळेना. पुस्तक मिटताना यजमानांनी नजर का चुकवली? त्यांनी शेवटची पानं मुद्दाम गाळली असतील. आणि जो माणूस पुस्तकातल्या मुलाचं लपवतो, तो घरच्या मुलाचं काय काय लपवत असेल?

मडमेचा वाडीत यायचा दिवस उजाडला. मुली पांगल्यावर अंबिकाबाई पदर सावरून ओटीवर गेल्या आणि मडमेच्या हाताला हात लागू नये म्हणून पुस्तक मधल्या पाटावर ठेवलं.

"यातली शेवटची पानं कुठं गेली?"

मडमेनं पुस्तक उलटून पाहिलं. "बाई, हे पूर्ण आहे. दिवा लावून ती बसते, तिथेच संपतं."

"असं कुठं असतं? तुमच्याकडे शेवट सांगत नाहीत?"

"पूर्वी सांगत. शेवटच्या पानावर मुलगा दारात उभा, आणि सगळे रडून हसत." मडमेचं मराठी पोथीसारखं सावकाश होतं. "मग तीस वर्षांपूर्वी आमच्या देशात भाऊ भावाशी लढले. माझा धाकटा मामा लढाईवर गेला. तो मेला असं कुणी सांगितलं नाही, जगला असंही नाही. आजी मरेपर्यंत त्याचं ताट मांडत होती. अशा आज्या घरोघरी होत्या, बाई. ही लेखिका त्यांच्यातच वाढली. तिनं मुलगा परत आणला असता, तर माझ्या आजीनं पुस्तक चुलीत घातलं असतं. मारला असता, तरी घातलं असतं."

अंबिकाबाई म्हणाल्या, "तुमच्या आजीनं कुणाला विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार? विचारायला जागा नव्हती."

घरी येऊन अंबिकाबाईंनी अंगावर पाणी घेतलं, लुगडं बदललं. पण आतली तगमग काही निवली नाही. पंत शाळेतून आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"पुस्तकाचं तुम्ही खरं सांगितलंत."

"मग? खोटं कशाला सांगेन?"

"आता बोटीच्या कचेरीत काय म्हणाले, तेही खरं सांगा."

पंतांनी पगडी खुंटीला अडकवली, पुन्हा काढली, हातात धरून बसले.

"मी आत कधी गेलोच नाही."

"अहो, दर बोटीला जात होतात ना?"

"फाटकापर्यंत. तिथून परत फिरतो. आत कारकून बसलेला असतो, अगं. विचारलं की तो काहीतरी सांगणार. विचारलं नाही, तोवर हेरंब वाटेत आहे."

अंबिकाबाईंना आधी संताप आला. मग त्यांना यजमानांचे बूट दिसले, गोदीच्या चिखलानं वरपर्यंत माखून वाळलेले.

"पुस्तकातल्या त्या बाईला विचारायला जागा नव्हती, म्हणून ती दिवा लावून बसली," त्या म्हणाल्या. "आपल्याला आहे. तुमच्यानं होत नसेल, तर मी विचारीन."

"तू? कचेरीत?"

"मी. उद्या तुमच्याबरोबर ट्रामनं येते."

भिंतीपलीकडून सोनूबाईंचा आवाज आला, "नवऱ्याबरोबर ट्रामनं! मडमीण झालात की हो अंबिकाबाई!" आणि लगेच, हळू आवाजात, "जाऊन या. नैवेद्याचं मी बघते."

वातींचं सूप अंबिकाबाईंनी देवाच्या कोनाड्याखाली सरकवलं. वाटीतल्या खोबऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या झटकून पुन्हा झाकण ठेवलं.

सकाळी पूजा आटोपली की ट्राम नेईल तिथवर ट्रामनं, पुढे चालत: माझगाव, बोटीची कचेरी.