हिंगणीची कुत्री आणि चपटी नस

माझ्या फजितीचे किस्से तसे पोत्याने निघतील, पण हा जो सांगतोय ना, त्याला तोड नाही! आणि गंमत ऐका, त्या दिवशी मी जितका ऐटीत होतो, तितका माझ्या लग्नातही नव्हतो. चहा घ्या आधी, मग सांगतो.

मी जनावरांचा डॉक्टर. दवाखाना सिंदी मेघेत. गेल्या वर्षी मी सोनोग्राफीचं मशीन घेतलं, नागपूरला जाऊन तीन दिवस शिकून आलो. तिथल्या सरांनी एक भारी विद्या दिली. कुत्र्याच्या पोटात दोन मोठ्या नळ्या शेजारी-शेजारी असतात. एक धमनी, गोल, टुकटुक उडणारी. दुसरी मोठी नस, हृदयाकडे रक्त परत नेणारी. दोघी साधारण सारख्या जाड दिसल्या, की अंगात रक्ताचा भरणा ठीक. नस चपटी दिसली, की समजायचं गडी आतून सुकलाय, लावा सलाईन. सुई टोचायची गरज नाही, नुसतं पाहून कळतं! आता सांगा, माणसाला अभिमान वाटणार नाही का?

मला तर इतका वाटला की मी आमच्या दूधवाल्यालाही ती नस समजावून सांगितली. त्याने त्या दिवसापासून दाराबाहेरूनच दूध द्यायला सुरुवात केली.

तर एका सकाळी हिंगणीहून मंजुळामावशी आल्या. साठीची बाई, एकटीने शेती करणारी. जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांचा कुत्रा आणलेला, वाघ्या. दोन दिवसांपासून उलट्या आणि जुलाब, डोळे खोल गेलेले, मान टाकलेली.

"डाक्टरसाहेब, याले वाचवा," मावशी म्हणाल्या. "माह्यं वावर जंगलाले लागून हाये. रानडुकरं येतेत. हा संगं रायते म्हणून मी एकटी जाते. हा नसला त मी वावरात पाय नाई ठेवू शकत."

"घाबरू नका मावशी. आधी सोनोग्राफी करू."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग वाघ्याकडे पाहिलं.

"सोनोग्राफी? मायबाई! पण थो त नर हाये ना!"

घ्या आता! त्यांना कसंबसं समजावलं आणि वाघ्याला टेबलावर घेतलं. अंगात त्राण नव्हतं, तरी पठ्ठ्या दात दाखवत होता. त्यामुळे मी मशीनचा प्रोब भीतभीतच, अगदी अलगद त्याच्या पोटाला टेकवला. पडद्यावर धमनी गोल, आणि शेजारची नस पार पोळीसारखी चपटी. मी खूश! म्हणजे वाघ्यासाठी वाईट वाटलंच हो, पण विद्या खरी ठरली ना.

"पाहा मावशी," मी ऐटीत म्हणालो, "रक्त कमी हाये."

एवढेच तीन शब्द. मला म्हणायचं होतं की जुलाबावाटे अंगातलं पाणी गेलं, नळीतला भरणा घटला, सलाईन चढवलं की काम झालं. पण आपल्याकडे 'रक्त कमी' म्हटलं की लोक काय समजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला मात्र त्या क्षणी ठाऊक नव्हतं. मी सलाईन लावण्यात गुंग, आणि मावशी बाहेर ओट्यावर जाऊन गावातल्या सुधाकरभाऊंना फोन करत होत्या.

"सुधाकर, वाघ्याले रक्त कमी हाये रे बावा! डाक्टरनं मशीनवर पाह्यलं!"

सुधाकरभाऊंचं हिंगणीत किराणा दुकान. त्यांच्या कानावर एक गोष्ट गेली की गावात वेगळी दवंडी लागत नाही. दोन तासांनी माझ्या दवाखान्यासमोर मेटॅडोर थांबला. त्यातून आठ माणसं उतरली, पाच कुत्री उतरली, आणि पिशवीभर बीट अन् गूळ-फुटाणे उतरले.

"बोला डॉक्टर, कोणाचं रक्त घेता?" सुधाकरभाऊंनी बाह्या सरसावल्या. "सारे तगडे हायेत. मोतीचं घ्या, थो रोज अंडं खाते."

खरं म्हणजे मी तिथेच सांगायला हवं होतं, की मंडळी, गरज नाही, परत जा. पण एका कुत्र्यासाठी आठ माणसं कामधंदा सोडून आली, हे पाहून मलाच भरून आलं. शिवाय इतकं पब्लिक समोर असताना मशीन दाखवायचं नाही?

"थांबा," मी म्हणालो. "दोन बाटल्या गेल्यात. आधी किती फरक पडला ते पाहू."

पडदा लहान, गर्दी मोठी. मागच्यांना दिसेना. चित्र ठसठशीत यावं म्हणून मी प्रोब चांगला जोर लावून धरला. आणि पाहतो तर काय, नस चपटी! सकाळपेक्षाही चपटी!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन बाटल्या जाऊनही रिकामी? म्हणजे आत कुठेतरी रक्त वाहतंय. म्हणजे आता खरंच रक्त द्यावं लागणार.

मावशींचा चेहरा उतरला. "पण डाक्टर, थो त शेपूट हालवून राह्यला."

"शेपटीवर जाऊ नका मावशी, मशीनवर जा!"

हो, असं मी म्हणालो. आठ साक्षीदार आहेत. वाघ्याने तेवढ्यात कुणाच्या तरी हातातलं बिस्कीट मटकावलं, तेही मी मनावर घेतलं नाही.

आता रक्त घ्यायचं म्हणजे देणाऱ्याच्या अंगात पुरेसं आहे का, ते नको पाहायला? मोतीला घेतलं टेबलावर. लावला प्रोब, दिला जोर. चपटी! शेरूला घेतलं. चपटी! काल्या, टिपू, राजा... पाचही जणांची नस चपटी.

सुधाकरभाऊ हळूच म्हणाले, "म्हंजे आमच्या साऱ्या गावच्या कुत्र्यायले रक्त कमी?"

"तसंच दिसून राह्यलं, भाऊ."

आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझी छाती दोन इंच फुगली. नवा रोग! आणि तो कुणी शोधला? सिंदी मेघेच्या डॉक्टरने! रोगाला माझं आडनाव लागणार, म्हणजे आमच्या वडिलांचंही नाव निघणार, इथवर मी मनात पोचलो. लगेच नागपूरच्या सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"सर, साथ आहे! एका गावची सहा कुत्री, सहाही आतून रिकामी!"

"अरे बापरे. लक्षणं काय आहेत?"

मी वळून पाहिलं. मोती आणि शेरूची जुंपली होती. काल्या बिटाची पिशवी घेऊन पळाला होता.

"लक्षणं नाहीत, सर. बाहेरून एकदम ठणठणीत आहेत. हाच तर धोका आहे!"

मग सर म्हणाले, "फोन चालू ठेव. एकदा पुन्हा करून सांग."

इकडे सुधाकरभाऊंनी गावात कळवूनही टाकलं, कुत्र्यायले सोडू नका म्हणून. कुणी म्हणे पाण्यात काही आहे, कुणी म्हणे आमच्या बकऱ्याही पाहा. मी वाघ्याला पुन्हा आडवं केलं, प्रोब दाबला. चपटी! मावशी माझ्या कोपराशी उभ्या होत्या. सगळे पडदा पाहत होते, त्या एकट्या माझा हात पाहत होत्या.

"डाक्टर, एक इचारू? रागवसान नाई ना?"

"विचारा."

"तुमी त्याचं पोट इतकं काऊन दाबून राह्यले?"

"चित्र साफ येते, मावशी."

"ओलिताच्या पाइपावर पाय देऊन उभं राह्यलं, त पाइप चपटाच दिसन ना? मंग मोटार खराब हाये म्हणून बोंबलाचं कायले?"

आणि त्यांनी सरळ माझं मनगट धरून हात वर उचलला. थोडासाच. पडद्यावर नस फुगली. गोल, गरगरीत, धमनीच्या जोडीला जोड! वाघ्या काठोकाठ भरलेला होता हो. सकाळी भीतीने हात हलका होता म्हणून नस खरं बोलली. नंतर माझ्या ऐटीनेच तिचा गळा दाबला होता.

फोनमधून सरांचा आवाज आला, "काय झालं? बोलत का नाहीस?"

"सर," मी म्हणालो, "साथ आटोक्यात आली."

वाघ्या टेबलावरून उतरला आणि माझ्या बुटांशी उभा राहून त्याने दोन बाटल्यांचा हिशोब चुकता केला. मावशी त्याच्या गळ्यात पडून रडल्या. मीही डोळे पुसले, लपवत कशाला बसू? कारण सकाळचं निदान खरं होतं, आणि वाघ्या त्यानेच वाचला. ते मी आजही छाती काढून सांगतो.

आणि हिंगणीने मला सोडलं नाही बरं का! आजही तिथलं कुत्रं आजारी पडलं की माझ्याकडेच येतं. मशीन एक नंबर हाये, असं सुधाकरभाऊ दुकानात बसून जाहीर सांगतात. फक्त तिथून कधी एकटा माणूस येत नाही, दोघं येतात. एक जण कुत्र्याला धरतो, आणि दुसरा माझा हात.